रंग उडालेले घर बघताना

भरवेलीत खाणीची नोकरी संपली की क्वार्टर सोडावे लागते. मुलांची बारशी ज्या घरात झाली, ज्या अंगणातली तुळस वर्षानुवर्षे पाणी घालून वाढवली, ते घर कंपनीचे होते हे तेव्हा खऱ्या अर्थाने लक्षात येते. मग भविष्य निर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटीची रक्कम हाती घेऊन घराचा शोध सुरू होतो. कोणी इथेच वस्तीत बघतात, कोणी बालाघाटला, कोणी गोंदियाला, तर मुलगा-सून नोकरीला आहेत म्हणून कोणी नागपूरला. एवढी मोठी रक्कम आयुष्यात एकदाच हाती येते आणि पुष्कळदा ती एकाच व्यवहारात संपते.

बँकेत असताना गृहकर्जाच्या फायली आमच्या टेबलावरून जात. त्यामुळे मंडळाच्या कार्यक्रमात कोणी ना कोणी आम्हाला बाजूला घेऊन विचारतेच, "साहेब, एक घर बघितलं, घ्यावं का?" पाठोपाठ घराचे वर्णन येते. त्यात भिंतीचा रंग, फरशी, ओटा आणि गेट एवढेच असते. जमीन कोणाच्या नावावर आहे, पावसात अंगणात पाणी कुठवर चढते, असे विचारले की उत्तर येते, "ते अजून बघितलं नाही." नाकारलेल्या घरांची कारणे तर आणखी गमतीची असतात. हॉल पोपटी होता, न्हाणीतली फरशी जुनी होती, दारावर कोणाच्या तरी मुलाने खडूने पाढे लिहिले होते. एवढ्यावरून चांगली पक्की घरे सोडलेली आम्ही पाहिली आहेत.

घरातले दोष दोन जातीचे असतात, असे आम्ही धरतो. एक जात मिस्त्री, सुतार, वायरमन आणि पेंटर मिळून महिन्या-दोन महिन्यांत काढून टाकतात. त्याला किती पैसे लागतील हे आधी विचारून घेता येते. दुसरी जात जमीन, पाया, पाणी आणि कागद यांच्याबरोबर येते. ती पैसे ओतूनही जात नाही, किंवा गेली तरी घराच्या किमतीइतकाच खर्च करून जाते. पहिल्या जातीचा उपयोग भाव कमी करून घ्यायला करावा. दुसरी जात आढळली तर चहा पिऊन नमस्कार करून निघावे.

रंगाचा हिशेब आधी करू. विकणारे लोक घर बाजारात आणण्यापूर्वी आतून-बाहेरून रंगवतात आणि किंमत त्याहून बरीच वाढवतात. समजा, चकचकीत दिसते म्हणून तुम्ही १ लाख रुपये जास्त दिले, आणि ते मुलाच्या नावावरच्या २० वर्षांच्या कर्जातून दिले. ८.५ टक्के व्याजाने १ लाखाचा हप्ता महिन्याला सुमारे ८६८ रुपये येतो. २४० हप्त्यांचे होतात २ लाख ८ हजारांच्या वर. रंग टिकतो पाच-सहा वर्षे, हप्ता चालतो वीस. बँकेचा मूल्यांकनकर्ता जमिनीचे क्षेत्रफळ, बांधकाम, त्याचे वय आणि आसपासचे व्यवहार बघून किंमत काढतो. पोपटी रंगाचे तो पैसे कापत नाही आणि गुलाबी रंगाचे वाढवत नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जात मालमत्तेच्या मूल्याच्या जास्तीत जास्त ९० टक्के रक्कम देता येते. घराची किंमत १० लाखांच्या वर असेल, तर मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च त्या मूल्यात धरत नाहीत. म्हणजे मूल्यांकनापेक्षा जास्त दिलेला पैसा आणि रजिस्ट्रीचा खर्च, दोन्ही तुमच्या ग्रॅच्युइटीतून जाणार.

आपल्याकडची जुनी कवेलूची घरे याच कारणाने मागे पडतात. दिसायला काळवंडलेली, छपरी पुढे झुकलेली, भिंतीवर चुन्याचे पोपडे. पण देशी कवेलू दरवर्षी पावसाळ्याआधी फेरावे लागतात आणि वानरांनी फोडलेले बदलावे लागतात, हा देखभालीचा भाग झाला, तो घराचा दोष नव्हे. कवेलूखालचे लाकूड मात्र बघायलाच हवे. या भागातल्या जुन्या घरांत सागवान किंवा सरई असते. बल्ली जिथे भिंतीत शिरते तिथे स्क्रूड्रायव्हर टोचून बघा. आत सहज गेला किंवा ठोकल्यावर पोकळ आवाज आला, तर उदईने आतून खाल्ले आहे. भिंतीवरून वर चढणारी मातीची बारीक नळी दिसली तर तेच समजा. लाकूड खणखणीत असेल, तर वरचा काळेपणा चुलीच्या धुराचा आहे आणि त्याने काही बिघडत नाही.

भिंतीवरचे डाग मात्र वाचता आले पाहिजेत, कारण सगळे डाग सारखे नसतात. स्लॅबच्या खाली गोल, पिवळट, कोरडा डाग असेल तर कधीतरी गळत होते आणि आता थांबले आहे, किंवा गच्चीवर डागडुजी हवी आहे. पण छतावर सरळ रेषेत तपकिरी पट्टा दिसला आणि त्याच रेषेत गिलावा फुगला किंवा पडला असेल, तर आतली सळई गंजली आहे. लोखंड गंजले की फुगते आणि काँक्रीटला आतून फोडते. वरून गिलावा थापून रंग दिला की वर्ष-दोन वर्षे दिसत नाही, एवढेच.

जमिनीपासून दोन-तीन फूट उंचीपर्यंत भिंत ओली, पांढरी पूड सुटलेली, म्हणजे लोणा लागलेली असेल, तर ओल खालून वर चढते आहे. जोत्यावर ओल रोखणारा थर, ज्याला मिस्त्री डीपीसी म्हणतात, तो घातलेला नाही किंवा अंगणाची माती भरता भरता त्याच्याही वर गेली आहे. दुसरे कारण असेल तर नशीब समजा. अंगणातली माती काढली, पाण्याला उतार दिला की भिंत हळूहळू वाळते. पहिले कारण असेल, तर बांधलेल्या घरात तो थर नंतर घालणे फार कटकटीचे काम आहे. अशा भिंतीवर लोक प्लास्टिक पेंट मारतात. आतली ओल बाहेर पडू शकत नाही आणि रंगाचे फुगे येतात. जुने लोक चुना लावत त्यात शहाणपण होते. चुना श्वास घेतो.

आता भेगांविषयी. भेग म्हटले की घेणाऱ्याच्या पोटात गोळा येतो, आणि खाणीच्या गावात तर लगेच सुरुंगाचे नाव निघते. आपली खाण मॅंगनीजची आशियातली सर्वांत खोल भूमिगत खाण म्हणून ओळखली जाते, तेव्हा हे साहजिकच आहे. खाण सुरक्षा महानिदेशालयाच्या १९९७ च्या परिपत्रकात, कंपनीच्या मालकीच्या नसलेल्या राहत्या घरांसाठी कंपनाची मर्यादा वारंवारतेनुसार सेकंदाला ५ ते १५ मिलिमीटर अशी ठरवलेली आहे. पण प्रत्येक भेगेचा बाप सुरुंग नसतो. विटांची भिंत आणि काँक्रीटचा कॉलम किंवा बीम जिथे मिळतात तिथे सरळ बारीक भेग पडतेच, कारण ऊन-थंडीत दोघे वेगवेगळे फुगतात. नव्या गिलाव्यावर जाळीसारख्या केसाएवढ्या भेगा पडतात, त्या फक्त वरच्या थरात असतात. भारतीय मानक ब्यूरोच्या १९८४ च्या एसपी २५ या पुस्तिकेत १ मिलिमीटरहून कमी रुंदीची भेग बारीक, १ ते २ मिलिमीटर मध्यम आणि २ मिलिमीटरहून जास्त ती रुंद अशी वर्गवारी दिली आहे. एटीएम कार्ड पाऊण मिलिमीटरच्या आसपास जाडीचे असते. ते भेगेत सहज शिरून वर जागा उरत असेल, तर भेग बारीक राहिलेली नाही.

रुंदीपेक्षा दिशा आणि चाल महत्त्वाची. विटांच्या सांध्यांतून पायऱ्या-पायऱ्यांनी तिरपी चढणारी, एका टोकाला जास्त उघडी असलेली भेग पाया एका बाजूला बसल्याची खूण असते. कन्हारसारख्या भारी काळ्या जमिनीवर हे जास्त होते. ती माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, आणि पाया खोल मुरुमापर्यंत नेला नसेल तर घरही तिच्याबरोबर हलते. अशी भेग जुनी आणि थांबलेली आहे की अजून चालू आहे, हे ओळखायची सोपी युक्ती गवंड्यांना माहीत आहे. भेगेवर आडवी काचेची पातळ पट्टी सिमेंटने दोन्ही टोकांना चिकटवायची आणि तारीख लिहून ठेवायची. काही महिन्यांत काच तडकली तर भिंत चालते आहे. विकणाऱ्याने काच लावायला नकार दिला, तर तेही एक उत्तरच आहे. शंका असेल तेव्हा इंजिनिअरला हजार-दोन हजार फी देऊन घर दाखवावे. लग्नाच्या वाजंत्रीवर आपण याहून जास्त घालवतो.

२२ मे १९९७ च्या पहाटेचा जबलपूरचा भूकंप आपल्यातल्या अनेकांना आठवत असेल. ५.८ तीव्रतेच्या त्या धक्क्यात तिकडे मातीच्या जुडाईची घरे पडली. म्हणून जुन्या घराच्या कोपऱ्यांकडे जरूर बघावे. दोन भिंती कोपऱ्यात एकमेकींत विणलेल्या आहेत की नुसत्या टेकलेल्या, आणि कोपऱ्यात वरपासून खालपर्यंत उभी भेग आहे का, एवढे तरी बघावे. ती गिलाव्याची बाब नाही.

घर फेब्रुवारी-मार्चमध्ये सगळ्यांनाच छान दिसते. आंब्याला मोहोर, अंगण कोरडे, भिंती कोरड्या. आमचा आग्रह असतो की तेच घर श्रावणात, दोन दिवसांची झड लागलेली असताना बघा. जमत नसेल तर शेजारच्या आजीबाईंना विचारा, त्या दलालापेक्षा खरे सांगतात. २०२० च्या ऑगस्टअखेरीस भीमगड धरणाचे पाणी सोडले आणि वैनगंगेला मोठा पूर आला, तेव्हा बालाघाटपासून गोंदिया, भंडाऱ्यापर्यंत नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले. तेव्हा त्या गल्लीत पाणी कुठवर आले होते, हा प्रश्न प्रत्येक घरासाठी विचारण्यासारखा आहे. नव्या रंगाखाली पाण्याची रेघ दिसणार नाही. पण विजेच्या मीटरचा लाकडी बोर्ड, जुन्या दाराची चौकट आणि शेजाऱ्याची न रंगवलेली भिंत यांवर ती राहते. रस्त्यापेक्षा जोते खाली गेले असेल, तर घर कितीही देखणे असो, दरवर्षी पाणी आत येण्याची भीती राहणार. पंचायत असो की नगरपालिका, सिमेंटचा रस्ता जुन्यावर नवा चढतच जातो.

पाण्याची आणखी एक गोष्ट खास आपल्या भागातली. न्हाणीत, बादलीत, नळाच्या तोटीखाली काळपट-तपकिरी डाग दिसले की आमच्या घरून लगेच शेरा येतो, "काय बाई अस्वच्छ माणसं!" बिचारी माणसे घासून घासून थकलेली असतात. विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्यात मॅंगनीज किंवा लोह असले की असे डाग पडतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात मॅंगनीजची मर्यादा लिटरला ०.१ मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर ०.३ पर्यंत चालते. बाटलीभर पाणी लोक स्वास्थ्य यांत्रिकी विभागाच्या प्रयोगशाळेत तपासून घ्यावे. डाग नुसता घासण्याने जाणारा आहे की गाळणीचा खर्च धरायचा, हे मग कळते.

आता नव्या रंगाच्या घराकडे वळू. नुकतेच रंगवलेले घर वाईटच असते असे नाही, पण तिथे जास्त वेळ द्यावा. एकाच भिंतीला, तीही खालच्या तीन फुटांना, टाइल किंवा प्लायवूडची पट्टी का लावली आहे? छताला पीओपी फक्त एकाच खोलीत का आहे? कपाट भिंतीला टेकून ठेवले असेल तर हलवून बघायची परवानगी मागावी, आणि मागताना संकोच करू नये. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे, विकणाऱ्याला माहीत असलेला पण घेणाऱ्याला साधारण काळजी घेऊनही न दिसणारा असा मालमत्तेतला किंवा हक्कातला मोठा दोष सांगणे हे विकणाऱ्याचे कर्तव्य आहे. साध्या डोळ्यांना दिसणाऱ्या दोषाबद्दल मात्र नंतर तक्रार चालत नाही. म्हणजे बघण्याची जबाबदारी आपलीच. बिल्डरचे नवे घर असेल तर २०१६ चा रेरा कायदा मदतीला आहे. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला दोष दाखवून दिला, तर बिल्डरने तो ३० दिवसांत बिनखर्च दुरुस्त करून द्यायचा असतो. जुने घर मालकाकडून घेताना हे संरक्षण नाही.

आणि कागद. इथे आमचा हात थोडा सैल सुटणार, वाचकांनी सांभाळून घ्यावे. आमच्या अनुभवात घरे भिंतींमुळे कमी आणि कागदांमुळे जास्त अडकली. क्वार्टरच्या आसपासच्या भागात कोणी म्हणेल, "रजिस्ट्री नाही, पण कब्जा वीस वर्षांचा आहे, नोटरी करून देतो." जमीन खाणपट्ट्यातली, वनविभागाची किंवा नजूलची असेल, तर नोटरीच्या शिक्क्याने ती त्या माणसाची होत नाही आणि तुमचीही होत नाही. १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे १०० रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या स्थावर मालमत्तेची विक्री नोंदवावीच लागते. मुखत्यारपत्र आणि करारनाम्यावर केलेल्या विक्रीने मालकी मिळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट सांगितले आहे. अशा घराला कोणतीही बँक कर्ज देत नाही. बँक कर्ज देत नाही हीच घेणाऱ्याला मिळालेली फुकटची सूचना समजावी, मग तुम्हाला कर्जाची गरज असो वा नसो.

आपल्या जिल्ह्यात आणखी एक तपासणी अत्यावश्यक आहे. मध्य प्रदेश भू-राजस्व संहिता, १९५९ च्या कलम १६५(६) प्रमाणे आदिवासी भूमिस्वामीची जमीन बिगर-आदिवासी माणसाला कलेक्टरच्या परवानगीशिवाय विकता येत नाही, आणि अधिसूचित क्षेत्रात तर विकताच येत नाही. बैहर तहसील अनुसूचित क्षेत्रात येते. त्यामुळे आज विकणाऱ्याचे नाव बघून पुरत नाही, खसऱ्यात मागे कोणाकोणाची नावे होती ते बघावे लागते. एका गृहस्थांनी सुंदर बंगला पसंत केला होता, इसार द्यायची घाई चालली होती. मागचा खसरा काढला तेव्हा त्याच जमिनीच्या जुन्या नोंदीत गोंड कुटुंबाचे नाव निघाले आणि परवानगीचा कागद कोणाकडेच नव्हता. ते मागे हटले. तोपर्यंत बंगल्याच्या रंगाची, गेटची, झोपाळ्याची तारीफ आम्ही तासभर ऐकली होती.

बँका साधारण ३० वर्षांचा शोध अहवाल वकिलाकडून घेतात. तो स्वतःसाठीही घ्यावा. खसरा, बी-१, नकाशा, शेतजमिनीवर घर असेल तर डायव्हर्शन, मागच्या सगळ्या रजिस्ट्री साखळीने, नामांतरण, मालमत्ता कराची पावती, विजेचे बिल. विकणाऱ्याने सगळ्या मूळ रजिस्ट्री दाखवायला टाळाटाळ केली, तर त्या कुठल्यातरी बँकेत तारण असू शकतात. मूळ दस्त ठेवूनच आम्ही कर्ज देत होतो, म्हणून हे सांगतो. वडिलोपार्जित घर असेल तर बहिणींच्या सह्या विसरू नयेत. सासरी गेलेली बहीण हक्क सोडून गेलेली नसते. गावठाणातल्या म्हणजे आबादीतल्या घरांना पूर्वी कागदच नसत. २०२० पासून स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी होऊन अधिकार अभिलेख मिळू लागले आहेत. तिथे घर घेत असाल तर विकणाऱ्याकडे तो आहे का, आणि त्यावर कोणाचे नाव आहे, ते विचारा.

महाराष्ट्रात जाणाऱ्यांसाठी एवढेच की तिकडे भाषा आपली असली तरी कागदांची नावे वेगळी आहेत. खसरा-खतौनीच्या जागी सातबारा आणि फेरफार, शहरात मालमत्ता पत्रक, आणि फ्लॅट असेल तर भोगवटा प्रमाणपत्र. नागपूरच्या फ्लॅटचा हॉल बघून येणारे पुष्कळ भेटतात, भोगवटा प्रमाणपत्र बघून येणारे थोडे.

दक्षिणमुखी दाराचा प्रश्न हमखास येतो. ज्याच्या मनाला ते पटत नाही त्याने घेऊ नये, मनावर ओझे ठेवून घरात राहू नये. पण ज्यांना चालते त्यांना अशी घरे अनेकदा कमी भावात मिळतात, हेही खरे आहे. बँकेच्या मूल्यांकनात दिशेचा रकाना असतो तो चतुःसीमा लिहिण्यासाठी.

भाव ठरवताना पोपडे, जुनी वायरिंग, मोडका ओटा यांची यादी करून मिस्त्री आणि वायरमनकडून अंदाजपत्रक घ्यावे आणि ते पुढे ठेवावे. "घर जुनाट आहे" असे म्हटले तर समोरच्या काकूंना लागते. त्यांनी त्या ओट्यावर चाळीस वर्षे स्वयंपाक केला असतो. "वायरिंगला एवढा खर्च सांगितला आहे, त्यातला निम्मा तुम्ही सोसा" असे म्हटले तर बोलणे पुढे सरकते. वायरिंग मात्र राहायला जाण्यापूर्वीच बदलावी, त्यात काटकसर नको.

बाकीच्या कामांना घाई करू नये. पहिला पावसाळा जुन्याच रंगात काढावा. जिथे पाणी झिरपेल, जिथे ओल चढेल तिथे खडूने खूण करून तारीख लिहावी. पावसाळा संपून भिंती वाळल्या की आधी त्या खुणांवर मिस्त्रीचे काम करून घ्यावे. नवा गिलावा पुरता सुकू द्यावा, आणि मग पेंटरला बोलवावे.